सोमवारचा ख्रिस्ती

ख्रिस्ती माणूस ओळखावा कसा, असे महाराष्ट्रात कोणालाही विचारा. उत्तर तयार असते. गळ्यात क्रूस, आडनाव डिसोझा किंवा परेरा, नाताळात केक, रविवारी ठेवणीतले कपडे आणि जिभेवर इंग्रजी. हिंदी चित्रपटांनी हे चित्र रंगवले आणि ते लोकांच्या मनात इतके पक्के बसले की, वसईच्या वाडीत लाल लुगडे नेसून केळीला पाणी लावणारी म्हातारी ख्रिस्ती आहे असे सांगितले, तर मुंबईचा पाहुणा माझ्याकडे संशयाने पाहतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात साळवे किंवा गायकवाड आडनावाचा शेतमजूर बायबल काखेत मारून उपासनेला निघालेला त्याने पाहिला, तर तो बिचारा अधिकच गोंधळेल.

परंतु आज माझे भांडण या पाहुण्याशी नाही. त्याचे अज्ञान दोन घटकांच्या सहवासाने दूर होण्यासारखे आहे. माझे भांडण घरातले आहे. आम्ही ख्रिस्ती लोकही आपली ओळख जवळजवळ तशीच सांगू लागलो आहोत, हे माझे दुखणे आहे. मी वसईचा, जन्माने कॅथलिक, पेशाने शाळामास्तर, आता निवृत्त. रविवारची मिस्सा कधी चुकवली नाही आणि घरात संध्याकाळची जपमाळ अजून चालते. तेव्हा हे लिहिणे बाहेर उभे राहून दगड मारणाऱ्याचे नाही, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ख्रिस्ती माणसाची श्रद्धा रविवारी तपासता येत नाही. रविवारी सगळेच चांगले असतात. ती तपासायची ती सोमवारी: मजुराची मजुरी देताना, जमिनीचा सौदा करताना आणि मुलाचे लग्न ठरवताना. या तीन ठिकाणी जी श्रद्धा दिसत नाही ती इतरत्र कितीही झळकली, तरी तिला मी दागिना म्हणेन. धर्म म्हणणार नाही.

दागिने मात्र अलीकडे फार वाढले आहेत. मोटारीच्या काचेवर वचन, दारावर वचन, आणि पहाटे पाचपासून मोबाइलवर तर वचनांचा पाऊसच. सणाच्या दिवसांत नाक्यानाक्यावर फलक लागतात; त्यांवर संताचे चित्र लहान आणि शुभेच्छुकांची चित्रे मोठी. क्रूस उभारण्याची आमची परंपरा जुनी आहे आणि तिच्याविषयी मला पूर्ण आदर आहे. वांद्र्याच्या गल्ल्यांत जे जुने क्रूस दिसतात, त्यांतले कित्येक १८९६ मध्ये मुंबईत शिरलेल्या प्लेगच्या साथीत उभारले गेले. घरोघर माणसे मरत होती. गल्लीतले लोक एकत्र जमून त्या क्रूसापाशी प्रार्थना करीत. त्या क्रूसामागे भय होते, आशा होती आणि शेजाऱ्याची काळजी होती. आजच्या गुळगुळीत संगमरवरी क्रूसाखाली पुष्कळदा देणगीदाराच्या नावाची पाटी असते, आणि ती पाटी क्रूसाआधी वाचली जावी अशा बेताने लावलेली असते.

हे बोलले की आमच्यातले जाणते लोक हसून म्हणतात, "मास्तर, हे किरकोळ सोडा. आमच्या शाळा पाहा, आमची इस्पितळे पाहा. ख्रिस्ती श्रद्धा तिथे दिसते." हे उत्तर मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण ते खरे आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून भुकेने मरणाऱ्या मुली आणि बालविधवा शेकड्यांनी केडगावास आणल्या. त्यांना अन्न दिले, अक्षर दिले, हाताला काम दिले. बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते तिथल्याच छापखान्यात तिथल्याच स्त्रियांच्या हातून छापले गेले. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस इस्पितळ उघडले, आणि ज्या काळी महारोग्याची सावली नको म्हणत त्या काळी मिशनच्या माणसांनी त्याच्या जखमा धुतल्या. हे सारे खरे आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे.

पण रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. त्यांनी ठेवलेल्या मुदलावर आपण शंभराहून अधिक वर्षे व्याज खात बसलो आहोत, आणि आपल्या पदरची एक दमडी त्यात घालायची वेळ आली की धर्मगुरूंकडे आणि सिस्टरांकडे बोट दाखवतो. जणू काही बाप्तिस्मा सर्वांचा आणि सेवा तेवढी मठवासीयांची! मी ज्या शिक्षणाच्या धंद्यात हयात काढली, तिथे संताचे नाव मिरवणाऱ्या शाळेत धुणेभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीला जागा नाही म्हणून सांगताना मी ऐकले आहे. आणि तेच तोंड पुढच्या रविवारी, बालकांना मजकडे येऊ द्या अशा अर्थाचे शुभवर्तमान गंभीरपणे वाचताना पाहिले आहे. संस्था श्रद्धेतून जन्मते, हे कबूल. पण संस्था आहे म्हणून श्रद्धाही आहे, हा हिशेब उलटा आहे.

आता मजुरीकडे येऊ. मोशेच्या नियमशास्त्रात गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याच्या आत द्यावी, अशी स्पष्ट आज्ञा आहे. कारण त्याचा जीव त्या पैशाकडे लागलेला असतो. ख्रिस्ताने तर द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात उन्हे कलल्यावर आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी देववली. दोन हजार वर्षे आम्ही या दृष्टांतावर प्रवचने ऐकत आहोत. वसईच्या वाड्यांत फुले खुडायला, केळी उतरवायला, गवत काढायला डहाणू-पालघरकडचे आदिवासी मजूर येतात. त्यांच्या कष्टांवर आमची वाडी उभी आहे. त्यांना वेळेवर, पुरेपूर, मान ठेवून मजुरी देणारी घरे आहेत; मी ती पाहिली आहेत आणि त्यांना हात जोडतो. पण दुसरीही घरे आहेत.

एका लग्नाची गोष्ट सांगतो. मांडव असा की गावात तसा झाला नव्हता. बँड, रोषणाई, दीड हजार पान. वधूवरांना आशीर्वाद देताना धर्मगुरूंनी काना गावच्या लग्नाची आठवण काढली. तिथे ख्रिस्ताने पाण्याचा द्राक्षरस केला होता. मांडवाच्या मागे सहा आदिवासी बाया तीन दिवस भांडी घासत होत्या. त्यांची मजुरी लग्नानंतर अकराव्या दिवशी मिळाली, तीही दोन खेपा घालून आणि थोडी कापून. काना गावच्या त्या गोष्टीत पाण्याचा द्राक्षरस झाला हे पाहुण्यांना कळले नव्हते. ज्यांनी रांजण भरले त्या चाकरांना ठाऊक होते. आमच्या लग्नात श्रद्धेचे काय झाले हेही त्या सहा बायांनाच ठाऊक आहे. त्यांच्यापैकी एकीला जर कोणी विचारले, ख्रिस्ती लोक कसे असतात, तर ती काय सांगेल? तिची साक्ष आमच्या साऱ्या फलकांपेक्षा भारी आहे.

दुसरी कसोटी जमिनीची. ज्यांनी वसई पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या वाड्यांत जागोजागी बावखले होती. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरी त्यामुळे गोड राहत. ही बावखले कोणा एकट्याच्या सातबाऱ्यावर असतील, पण त्यांचे पाणी साऱ्या शेजाराचे होते, ख्रिस्त्याचे आणि हिंदूचेही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसई सिमेंटखाली जाऊ लागली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात पुढे उभे राहिले. जमीनमाफियांच्या धमक्यांना न भिता त्यांनी झाडांची आणि पाण्याची बाजू घेतली, आणि या लढ्यात त्यांच्यासोबत सर्व धर्मांची माणसे होती. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये वारले. ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष झाला म्हणून आमची छाती फुगली. फुगावीही.

पण ती फुगलेली छाती घेऊन आम्ही केले काय? भाव आला तसे बावखल बुजवले. मातीच्या गाड्या रात्री आल्या, कारण दिवसा शेजारी विचारील. इमारत उभी राहिली, तिच्या तोंडाशी संताची सुंदर मूर्ती बसवली आणि धर्मगुरूंना बोलावून आशीर्वाद घेतला. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले, त्याचा आशीर्वाद मात्र कोणी मागितला नाही. जुलै २०१८ च्या पावसात वसई-नालासोपारा बुडाले, लोकलगाड्या थांबल्या, घरांत कमरेइतके पाणी शिरले. तेव्हा ज्यांनी पाण्याची घरे विकली त्यांपैकी काही जण पाणी ओसरावे म्हणून मेणबत्त्या लावत होते. प्रार्थनेची मी थट्टा करीत नाही. परंतु पाण्याने जायचे कोठे, हा प्रश्न देवाला विचारण्यापूर्वी तलाठ्याच्या दप्तरात पाहिले असते तर उत्तर सापडले असते. शेजाऱ्यावर प्रीती करावी ही आमच्या धर्मातली थोर आज्ञा. शेजारी म्हणजे कोण? ज्याच्या विहिरीत माझ्या बावखलाचे पाणी झिरपते तो. याहून सोपी व्याख्या मला वसईत तरी सुचत नाही.

तिसरी कसोटी लग्नाची, म्हणजे जातीची. इथे सर्वांच्याच भुवया वर जातील. "ख्रिस्ती धर्मात जात कुठे आहे?" धर्मात नाही, ख्रिस्त्यांत आहे. गोव्यात बामण, चारडो, शूद्र हे भेद बाप्तिस्म्यानंतरही राहिले. चर्चच्या कोन्फ्रारीत कोणी कोणत्या रंगाची खांद्यावरची झूल पांघरावी, हेदेखील कित्येक गावांत जातीवरून ठरे. आमच्याकडे सामवेदी, वाडवळ, कोळी एकाच वेदीपुढे गुडघे टेकत आले. सोयरीक करताना मात्र जो तो आपापल्या दारी वळत आला. अलीकडे तरुण मुले हे कुंपण ओलांडू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट. पण मुलाने ते ओलांडले म्हणजे घरात सुतक आल्यासारखे तोंड करणारे आईबाप अजून पुष्कळ आहेत, आणि ते सारे न चुकता मिस्सेला येतात.

यातली विसंगती एकदा उघड्यावर ठेवलीच पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ मध्ये त्यांत शीख आले आणि १९९० मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती बाहेर राहिले. धर्म बदलला तरी गावाने त्यांची जात बदलू दिली नाही, म्हणून त्यांना सवलती मिळाव्यात, अशी चर्चची मागणी आहे आणि ती मला न्याय्य वाटते. पण तिचा अर्थ काय होतो? सरकारदरबारी आम्ही सांगतो की बाप्तिस्म्याने जात गेली नाही. आणि वेदीवरून सांगतो की ख्रिस्तात जात उरत नाही. जात गेली नाही, तर ती कोणाच्या घरात राहिली? गावावर ढकलून कसे चालेल? अहिल्यानगरकडच्या मंडळ्यांत महार-मांग समाजांतून आलेले लोक मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या मुलीचे स्थळ वसईच्या किंवा गोव्याच्या घरात गेले, तर त्या घरात पहिला प्रश्न कोणता विचारला जाईल, ते प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे. अर्जावर सही करणे सोपे आहे. सोयरीक करणे कठीण.

आणि हे कठीण काम करून दाखवणारी माणसे आमच्याच भाषेत होऊन गेली. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाच वर्षांनी. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे की, त्या बाईंच्या मनातून सोवळेओवळे आधी गेले, कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांनी आधी घेतले आणि बाप्तिस्मा मागाहून आला. म्हणजे त्यांची श्रद्धा प्रथम दिसली ती पाण्याच्या घागरीपाशी. खुद्द टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला दोघांनाही जागा होती. आमच्या आजच्या मंडळ्यांत स्वजातीच्या बाहेरच्या ख्रिस्त्यालाही जागा करताना आम्ही खुर्च्या मोजतो!

त्याहून अलीकडचे उदाहरण हवे असेल तर जामखेडला चला. डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे या ख्रिस्ती पतिपत्नींनी १९७० मध्ये त्या दुष्काळी तालुक्यात आरोग्याचे काम सुरू केले. खेड्यांतल्या अडाणी म्हणून हिणवलेल्या बाया निवडल्या, त्यांत दलित बायाही होत्या. त्यांना बाळंतपण, पोषण, साध्या आजारांवरचे उपचार शिकवले. ज्या बाईला उंबऱ्याच्या आत कोणी घेत नव्हते, तिच्याच हातून पाटलाच्या सुनेचे बाळंतपण होऊ लागले. दुष्काळात कूपनलिका खोदायची वेळ आली, तेव्हा त्यांनी त्या पुष्कळ ठिकाणी दलित वस्तीत खोदवल्या. मग पाणी हवे तर साऱ्या गावाला तिकडे जाणे आले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज दोघेही हयात नाहीत. त्या हातपंपावर वचन लिहिण्याची काही आवश्यकता नव्हती. शिवाशिवीचा एवढा मोठा गड त्यांनी एका जागेच्या निवडीने खिळखिळा केला. आणि अशी निवड आपल्यापैकी प्रत्येकाच्या वाट्याला, लहान प्रमाणात का होईना, दर आठवड्याला येते.

थोरांची नावे घेतली की सामान्य माणूस म्हणतो, ते थोर होते, आम्ही संसारी. म्हणून एका संसारी बाईचे सांगतो. आमच्या आळीत एक म्हातारी मोगरा-चाफ्याच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जाई. तिच्या कुंपणाला लागून एका माळ्याची वाडी. जुनी भांडणे, बांधावरून कोर्टापर्यंत गेलेली. तो माळी दोन महिने अंथरुणाला खिळला. म्हातारीने आपल्या टोपल्यांबरोबर त्याची फुले नेली, विकली आणि रोज संध्याकाळी त्याच्या बायकोच्या हातात पैन् पै मोजून दिली. आपली फुले आधी विकावीत आणि त्याची मागाहून पडेल भावाने, एवढेही तिने केले नाही. मी कौतुक करायला गेलो, तर म्हणाली, "मास्तर, फुलं का कोरटाचा निकाल लागेपर्यंत थांबतील?" तिने ख्रिस्ताचे नावही काढले नाही. शत्रूवर प्रीती करावी या वचनावर मी जेवढी प्रवचने ऐकली, त्यांत हे सर्वांत छोटे होते.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा: "श्रद्धा दाखवू नये म्हणता, मग ख्रिस्ताने दिवा मापाखाली झाकू नका असे का शिकवले?" शिकवले खरे. त्याच प्रवचनात त्याने हेही शिकवले की दान करताना उजव्या हाताचे डाव्याला कळू नये. या दोन शिकवणींत विरोध नाही. काम दिसावे, करणारा दिसण्यासाठी धडपडू नये. दिवाळीत आपण सारेच दारात पणती ठेवतो. येणाऱ्याला पायरी दिसावी हा तिचा उपयोग. पणतीवर घरमालकाचे नाव कोरून ती पायरीऐवजी पाटीजवळ ठेवली तर पाहुणा अडखळणारच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. "२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आपण शेकडा एकाहूनही कमी. दिवस कठीण आहेत, कोणी कशाचे काय करील सांगता येत नाही. अशा वेळी घरचे धुणे चव्हाट्यावर का धुता?" या भीतीची मी चेष्टा करणार नाही; ती पोकळ नाही. तथापि अल्पसंख्य माणसाचे रक्षण शेवटी कायद्याखालोखाल शेजारीच करतो. ज्याच्या विहिरीचे पाणी आपण मचूळ केले, ज्या बाईची मजुरी अकरा दिवस रखडवली, तो आणि ती आपल्या दारात उभी राहतील काय? आणि म्हातारीच्या घरावर संकट आले, तर तो माळी काय करील, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. तेव्हा भीती खरी असेल तर तिचा उपायही सोमवारीच करावा लागेल.

शेवटी इतर धर्माच्या वाचकांस एक विनंती. हे वाचून मनात म्हणू नका की, बरे झाले, मास्तरांनी आपल्याच लोकांचे कान उपटले. कुसळ आणि मुसळ यांची गोष्ट तुमच्याही घरात म्हणीसारखी बोलली जाते. नाताळात आमच्याकडे करंजी तळली जाते, दिवाळीत तुमच्याकडून ताट येते आणि आपण एकमेकांना म्हणतो, पाहा, किती एकोपा! ताटे जरूर जावीत-यावीत. मीही वाट पाहत असतो. पण ताट घेऊन येणाऱ्या बाईचा महिन्याचा पगार झाला आहे का, तिला चहा कोणत्या कपातून देतो आणि तिच्या मुलीच्या शाळेचे काय झाले, हे प्रश्न तुमच्या आणि आमच्या स्वयंपाकघरात सारखेच पडून आहेत. या वर्षी पाडवा मंगळवारी येवो की शनिवारी. त्यानंतरचा पहिला सोमवार आपल्या दोघांच्याही परीक्षेचा आहे. माझ्या वाडीतल्या दोघी मजूर बायांचा हिशेब मी त्या दिवशी सूर्य मावळण्याच्या आत करणार आहे. तुम्हीही करा, आणि मग खुशाल फराळाला या.